शेवट गोड आहे का?

उर्दू समीक्षेत 'रूमानी' हा मानाचा शब्द आहे. त्या नावाची अख्खी चळवळ तिथे अभ्यासली जाते. मराठीत 'रोमँटिक' हे विशेषण कवितेला शोभते, कादंबरीला चिकटले की तिची किंमत उतरते. लखनौत राहून हिंदी-उर्दूतून मराठीत अनुवाद करताना हा फरक मला वारंवार जाणवतो. त्यामागचे एक कारण मला असे दिसते, की मराठी प्रेमकादंबरीची समीक्षा कागदावर फारशी झालीच नाही. ती झाली वाचनालयाच्या काउंटरवर, तोंडी.

फडक्यांवर वाद झडले, कारण 'कला की जीवन' हा प्रश्न त्यांच्या नावाशी बांधला गेला होता. चंद्रकांत काकोडकर, शैलजा राजे, कुसुम अभ्यंकर, योगिनी जोगळेकर यांना वाचक उदंड लाभले, समीक्षक क्वचितच. काकोडकरांची 'श्यामा' ही कथा १९६२च्या 'रंभा' दिवाळी अंकात आली, तिच्यावर अश्लीलतेचा खटला झाला आणि १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना दोषमुक्त केले. त्याच वर्षी त्यांच्या 'नीलांबरी'वर आधारलेला 'दो रास्ते' पडद्यावर आला. न्यायालयाने दखल घेतली, सिनेमाने घेतली; वाङ्मयीन मत देण्याची वेळ समीक्षकांवर मात्र फारशी आली नाही.

ग्रंथपालांवर ती रोज येत होती. ड्यूई वर्गीकरणात मराठी कथा-कादंबरीचा क्रमांक ८९१.४६३. तो भाषा सांगतो, साहित्यप्रकार सांगतो. नायिकेचे पुढे काय होते ते सांगत नाही. त्या एका क्रमांकाखाली काकोडकर आणि नेमाडे दोघेही नांदतात. म्हणून 'काहीतरी चांगलं द्या हो' म्हणणाऱ्या सभासद बाईंसाठी काउंटरवरच्या माणसाने स्वतःची परिभाषा घडवली : 'कौटुंबिक आहे', 'रडवते', 'जरा मोकळी आहे', 'शेवट गोड आहे'. हे शेरे हसण्यावारी नेण्याजोगे नाहीत. पहिला कथेचा परिसर सांगतो, दुसरा भावपरिणाम, तिसरा शृंगाराची मर्यादा आणि चौथा रचनेचे वळण. अमेरिकेत जॉइस सॅरिक्स आणि नॅन्सी ब्राउन यांनी १९८९ साली ग्रंथपालांसाठी लिहिलेल्या पुस्तकातही, केवळ विषय न पाहता कथेची गती, पात्रे, कथानक, वातावरण यांवरून पुस्तक सुचवावे, असाच आग्रह आहे. जॅनिस रॅडवे यांच्या १९८४च्या अभ्यासात पुस्तकांच्या दुकानातली 'डॉट' (हे बदललेले नाव) गिऱ्हाइकांना प्रेमकादंबऱ्या निवडून देते. तिच्यामुळेच रॅडवे यांना त्यांच्या वाचक भेटल्या. त्या वाचकांची पहिली अट काय होती? शेवट सुखाचा हवा.

या तोंडी समीक्षेचे गोडवे गाऊन थांबता येणार नाही. 'कौटुंबिक' म्हणजे कुणाचे कुटुंब? बहुतेक वेळा शहरी, मध्यमवर्गीय, उच्चवर्णीय घर. 'मोकळी आहे' हा शेरा कुणासाठी शिफारस असतो, तर कुणासाठी नकार. समोरची मुलगी अविवाहित असेल तर पुस्तक मागच्या मागे राहते. ज्याच्या हाती शिफारस, त्याच्याच हाती पहारा. हे शेरे कुठे लिहिलेले नसल्यामुळे त्यांच्याशी वादही घालता येत नाही.

तरीही त्यांचे मोल मला लखनौत अधिक कळते. मराठी वाचनालय सभासदांच्या वर्गणीवर उभे राहिले. १९६७च्या कायद्याने अनुदान आले तरी वर्गणीदाराचा शब्द पूर्ण पुसला गेला नाही, आणि त्या वाटेने प्रेमकादंबरी आत आली. उत्तर प्रदेशात ग्रंथालय कायदा व्हायला २००६ उजाडले. गुलशन नंदांसारख्यांच्या हिंदी प्रेमकादंबऱ्या पॉकेटबुकांतून आणि दिवसाच्या भाड्याने पुस्तके देणाऱ्या छोट्या दुकानांतून फिरल्या. शिवानींसारखी अफाट वाचली गेलेली लेखिका याच शहरात राहिली, पण तिची कादंबरी कुणी कुणाला काय सांगून दिली, याची नोंद असण्याची सोयच नव्हती. भाड्याची दुकाने गेली, तसे तिथले ज्ञानही गेले. आज इथल्या सार्वजनिक वाचनकक्षांत स्पर्धा परीक्षांची मुले बसतात. त्यांना जागा मिळायलाच हवी. पण तिथे कादंबरी मागायला येणारी बाई दिसेनाशी झाली आहे.

महाराष्ट्रात ते ज्ञान अजून पुरते गेलेले नाही. काउंटरमागे तीस-तीस वर्षे काढलेली माणसे निवृत्त होत आहेत. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या पाच सूत्रांत प्रत्येक वाचकाला त्याचे आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा, ही जोडी आहे. ती जुळवण्याची भाषा या माणसांकडे आहे. तालिकेत एक रकाना वाढवून त्यांचे शेरे लिहून घ्यायला काही मोठा खर्च येत नाही. मग 'कौटुंबिक'वर भांडताही येईल.

अनुवादासाठी पुस्तक सुचवले, की मला पहिला प्रश्न येतो तो 'पुरस्कार कोणता?' वाचनालयात विचारतात, 'शेवट गोड आहे का?' या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे तर निदान पुस्तक वाचलेले असावे लागते.