सुपरहिरोला घेता येतं का?

'गार्डियन्स ऑफ द गॅलेक्सी'चा नाताळ विशेष भाग 2022 च्या नोव्हेंबरात डिस्नी प्लसवर आला. ज्यांनी तो पाहिला त्यांना त्यातली मूळ कल्पना आठवत असेल. उदास झालेल्या पीटर क्विलला नाताळची भेट द्यायची म्हणून त्याचे साथीदार ड्रॅक्स आणि मँटिस पृथ्वीवर येतात, त्याच्या लहानपणच्या आवडत्या नटाच्या, म्हणजे केविन बेकनच्या, घरात घुसतात, मँटिस आपल्या शक्तीने त्याचं मन ताब्यात घेते आणि दोघं त्याला उचलून अंतराळात नेतात. चूक उमगल्यावर त्याला परत पाठवायचं ठरतं. पण त्यांचा साथीदार क्रॅगलिनशी बोलणं झाल्यावर तो स्वतःच थांबतो, गातो, आणि सगळे नाचतात. दिग्दर्शक जेम्स गनला विनोद जमतो, गाणी गोड आहेत, आणि अखेरीस मँटिस क्विलला आपलं नातं सांगते तो क्षण खरा आहे. तरीही भाग संपल्यावर चीड उरते. नाताळच्या या गोष्टीत पृथ्वीवरच्या माणसाला एकच काम दिलं आहे, भेटवस्तू होण्याचं. आणि तो माणूसही रस्त्यावरचा कुणी नाही, हॉलिवूडचा नट आहे. ज्या कथाप्रकारात एकेकाळी सुपरहिरो बाजूला व्हायचा आणि अनोळखी माणसं एकमेकांशी नीट वागायची, तो प्रकार अपहरणाच्या गमतीवर येऊन थांबला असेल, तर मधल्या वाटेवर काय सांडलं ते बघायला हवं.

सुपरहिरोच्या नाताळ-कथांचे दोन वंश आहेत आणि दोन्हींचा जन्म एकाच साली, 1940 मध्ये, झाला. त्या नाताळात अमेरिकेतल्या मोठ्या दुकानांनी गिऱ्हाइकांच्या मुलांना 'सुपरमॅन्स ख्रिसमस अ‍ॅडव्हेंचर' नावाचं कॉमिक फुकट वाटलं. त्यात सुपरमॅन सांताक्लॉजच्या मदतीला धावतो. वाटणारा बलवान, वाट पाहणारी मुलं आणि मागे दुकान, हा झाला पहिला वंश. दुसरा वंश विल आयस्नरचा. त्याच वर्षी रविवारच्या वर्तमानपत्रांबरोबर त्याची 'द स्पिरिट' ही पुरवणी सुरू झाली आणि नाताळची गोष्ट हा तिचा वार्षिक रिवाज झाला. बुरखाधारी स्पिरिट त्या दिवशी सुट्टी घेतो. शहर सांभाळायचं काम तो दुसऱ्याच 'स्पिरिट'वर, नाताळच्या वृत्तीवर, सोपवतो. मग सात पानांत गल्लीतले भुरटे चोर, तुरुंगातून सुटलेले गुंड आणि बेघर म्हातारे गोष्ट पुढे नेतात. नायकाने नायकपण खुंटीला टांगून ठेवायचं, ही आयस्नरची कल्पना इतकी साधी आहे की तिच्यातलं धाडस चटकन दिसत नाही. ज्याच्या नावावर अंक खपतो त्यालाच त्याने घरी बसवलं होतं.

पहिल्या वंशाबद्दल फार लिहायची गरज नाही. त्याची संतती दर डिसेंबरला बाजारात येतेच. 'लोबो'च्या 1991 च्या अंकात सांताला मारायची सुपारी दिली जाते आणि विनोद तिथेच संपतो. टिम बर्टनच्या 1992 च्या 'बॅटमॅन रिटर्न्स'मध्ये बर्फ केवळ काळा रंग उठून दिसावा म्हणून पडतो. 'क्लाउस'मध्ये ग्रँट मॉरिसनने सांतालाच सुपरहिरो करून प्रश्न निकालात काढला. ली बर्मेहोच्या 'बॅटमॅन: नोएल'ची चित्रं डोळ्यांत भरतात, पण डिकन्सच्या 1843 च्या कथेवर बेतलेल्या या पुस्तकात गरीब बॉबने बॅटमॅनच्या मनात दया उपजेपर्यंत ताटकळायचं, एवढीच त्याची भूमिका. डीसीचे अलीकडचे वार्षिक नाताळ अंक तर नावातल्या कोटीवर जगतात. मुखपृष्ठावरची कोटी वाचली की अंक वाचल्यासारखाच.

दुसऱ्या वंशाकडे मात्र निवांत बघावं. 1970 मध्ये 'बॅटमॅन'च्या 219 व्या अंकात माइक फ्रेडरिक आणि नील अ‍ॅडम्स यांनी आयस्नरचीच युक्ती गॉथममध्ये आणली. आयुक्त गॉर्डन बॅटमॅनला पोलिसांबरोबर नाताळची गाणी म्हणायला बसवतात. तो अस्वस्थ, कान फोनकडे. बाहेर शहरात हिसकावलेली वस्तू परत केली जाते, पुलावर जीव द्यायला गेलेली बाई मागे फिरते, आणि पहाटे बॅटमॅनला कळतं की रात्रभर त्याची गरजच पडली नाही. दोन वर्षांनी 'मार्व्हल टीम-अप'च्या पहिल्याच अंकात स्पायडरमॅन आणि ह्यूमन टॉर्च सँडमॅनचा पाठलाग करत त्याच्या आजारी आईच्या दारापर्यंत पोचतात. मुलाचा धंदा म्हातारीला माहीत नाही. दोघं त्याला भेटीपुरता वेळ देतात आणि त्या सवलतीचा फायदा घेऊन तो वाळू होऊन निसटतो. रॉय थॉमसने इथे एक फार प्रामाणिक गोष्ट केली आहे. चांगुलपणाचं बक्षीस म्हणून खलनायक सुधारत नाही. नायक फसतात, आणि तरी फसणं हा तोटा वाटत नाही. ज्यात फसण्याची शक्यताच नाही तो चांगुलपणा हिशेबातला व्यवहार असतो.

इथे मराठीतले दोन शब्द उपयोगी पडतात. दया वरून खाली येते. करणारा उभा असतो आणि घेणारा वाकलेला. माणुसकीला उतार नसतो. सुपरहिरो हा जन्मतःच उतारावर वरच्या बाजूला उभा केलेला प्राणी, त्यामुळे त्याच्या हातून दया सहज घडते आणि माणुसकी अवघड होते. नाताळची चांगली सुपरहिरो-कथा ही या अडचणीची कथा असते. हा सण मुळात त्याचा नाही, हेही विसरून चालणार नाही. सुपरमॅनचे जनक सीगल आणि शूस्टर, बॅटमॅनचे केन आणि फिंगर, मार्व्हलचे कर्बी आणि ली, आणि स्वतः आयस्नर, हे सगळे ज्यू घरांतले. दुसऱ्याच्या सणात, उजळलेल्या खिडकीबाहेर उभं राहणं काय असतं ते त्यांना शिकवावं लागलं नसणार. म्हणून मला वाटतं, नाताळातला सुपरहिरो मुळात यजमान नाही, पाहुणा आहे. 2003 मधला 'जस्टिस लीग'चा 'कम्फर्ट अँड जॉय' हा भाग पॉल डिनीने नेमक्या याच जाणिवेने लिहिला. मंगळावरचा शेवटचा जीव जॉन जॉन्झ सुपरमॅनच्या आईवडिलांच्या, म्हणजे केंट म्हाताऱ्यांच्या, घरी नाताळला येतो. आधी त्याला या उत्सवाचा अर्थ लागत नाही. हळूहळू गावातल्या माणसांच्या मनांतला ओलावा त्याला ऐकू येऊ लागतो आणि शेवटी तो स्वतःच्या मातृभाषेत गातो. त्याच्या वाट्याच्या गोष्टीत जगावर संकट नाही, कुणाला वाचवायचं नाही. पाहुणा पाहुणचार घेतो, एवढीच घटना.

या वंशातलं सगळ्यात भरीव काम मात्र अलीकडचं आहे: मार्क वेड आणि पाओलो रिव्हेरा यांचा 'डेअरडेव्हिल'चा सातवा अंक. 2011 च्या डिसेंबरात तो आला आणि पुढच्या वर्षी त्याला सर्वोत्तम एकल अंकाचं आयस्नर पारितोषिक मिळालं. मॅट मर्डॉक, म्हणजे डेअरडेव्हिल, अंध मुलांना घेऊन नाताळच्या सहलीला निघतो, बर्फाच्या वादळात बसला अपघात होतो आणि तो जखमी होतो. मॅटही आंधळा आहे, पण त्याच्याकडे रडारसारखी जाणीव आहे. हीच तर त्याची शक्ती. बर्फ मात्र आवाज गिळतो, कडा पुसतो, आणि ती जाणीव बधिर होते. रिव्हेराने ही पानं मोकळी, पांढरी सोडली आहेत. एरवी रेषांनी भरलेलं मॅटचं जग तिथे विझून जातं. मुलांना घेऊन चालता चालता तो कोसळतो, आणि ज्यांना तो वाचवायला निघाला होता ती मुलंच त्याला सुरक्षित जागी नेतात. त्यांच्याकडे रडार नाही. त्यांच्याकडे आंधळं असण्याचा रोजचा सराव आहे, तो मॅटकडे नाही. एरवी ज्याला त्यांचं अपंगत्व म्हणतील ते इथे कसब ठरतं, आणि तेही भाषणाविना, केवळ हवामानाच्या जोरावर. सुपरहिरोला दुबळं करून त्याची कीव करायला लावणाऱ्या गोष्टी पुष्कळ आहेत. दुबळा झाल्यावर त्याला आधार घ्यायला लावणाऱ्या फार थोड्या.

त्याच्या शेजारी ठेवावा मॅट फ्रॅक्शन आणि डेव्हिड आहा यांच्या 'हॉकआय'चा सहावा अंक. ब्रुकलिनमधली जुनी इमारत, आठवडाभर मागेपुढे फिरणारी गोष्ट, आणि बाणांशिवाय काही नसलेला क्लिंट बार्टन, म्हणजे हॉकआय. गुंडांच्या धमकीला कंटाळून तो इमारत सोडून जायला निघतो आणि भाडेकरूंमुळे राहतो. त्यांना त्याचं नावही धड घेता येत नाही, तरी ते त्याला आपलं मानतात. याच नावाच्या 2021 च्या सहा भागांच्या मालिकेने हे साहित्य उचललं, न्यूयॉर्क दिव्यांनी सजवलं आणि शेजारी गाळले. त्यांच्या जागी आलं क्लिंटचं स्वतःचं कुटुंब: नाताळला घरी पोचायचंय, बस्स. मालिकेत एक प्रसंग मात्र अस्सल आहे. श्रवणयंत्र नसताना मुलाचा फोन येतो आणि त्याची साथीदार केट बिशप पोराचे शब्द कागदावर लिहून क्लिंटला दाखवते. सगळ्या मारामाऱ्यांपेक्षा हा प्रसंग मोठा, कारण इथे नायक घेतो.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: नाताळ हा अमेरिकेत बाजाराचाच सण, त्याच्या गोष्टी सजावट असणारच. पण आयस्नरची पुरवणी वर्तमानपत्र खपवण्यासाठीच होती आणि बॅटमॅनचा 219 वा अंकही विकायलाच छापला होता. बाजार गोष्टीला दारापर्यंत आणतो. आत काय घडावं हे लेखक ठरवतो. दुसरा आक्षेप अधिक गंभीर. नायक हात बांधून बसला आणि शहर आपोआप चांगलं वागलं, ही तर भाबडी समजूत. खऱ्या जगात भूक आणि अन्याय कॅरल गाऊन जात नाहीत. बरोबर. म्हणूनच डिनी आणि अ‍ॅलेक्स रॉस यांचं 1998 च्या अखेरीस आलेलं 'सुपरमॅन: पीस ऑन अर्थ' महत्त्वाचं. नाताळात एका उपाशी मुलीला पाहून सुपरमॅन एका दिवसात जगातल्या भुकेल्यांना अन्न पोचवायचं ठरवतो. जगातला सर्वांत ताकदवान देणारा, रॉसच्या भव्य रंगात. आणि तो हरतो. राजवटी आडव्या येतात, संशय आडवा येतो. शेवटी तो क्लार्क केंटच्या साध्या रूपात मुलांना बी पेरायला शिकवतो. 1992 च्या 'सुपरमॅन' 64 मध्येही डॅन जर्गेन्सने त्याला नाताळची टपाल वाचायला बसवून मरणासन्न बापासाठी लिहिणाऱ्या मुलापुढे हात टेकायला लावले होते. शक्तीने भूक मिटत नाही हे या कथा सांगतात; चांगुलपणाने मिटते असं त्या कुठेही म्हणत नाहीत. भाबड्या त्या आहेत की एका ठोशात जग सावरणाऱ्या बाकीच्या?

मग पडद्याला हे का जमत नाही? कारण पडद्यावरच्या सुपरहिरोला ऋण सोसत नाही. शेन ब्लॅकच्या 'आयर्न मॅन 3'मध्ये टेनेसीतला हार्ली नावाचा पोरगा थंडीत भरकटलेल्या टोनी स्टार्कला आसरा देतो. सिनेमातला हा उत्तम भाग. आणि शेवटी? टोनी पोराची शेड यंत्रांनी, खेळण्यांनी भरून टाकतो. हिशेब चुकता! अब्जाधीशाला एका मुलाचं देणं डोक्यावर ठेवून जगता येत नाही. 'शझाम!'मधलं अनाथ मुलांचं घर खरं वाटतं, पण अखेरच्या लढाईत सगळ्याच भावंडांना शक्ती वाटल्या जातात. सामान्य माणूस उपयोगी पडायचा तर आधी त्याची बढती करायची. 'स्पायडरमॅन: नो वे होम' नाताळाच्या बर्फात संपतो तेव्हा पीटर पार्करला ओळखणारं जगात कुणी उरलेलं नसतं, आणि हे एकटेपण परिपक्वता म्हणून विकलं जातं. ज्याला कुणाकडून काही घ्यावं लागत नाही तो थोर, हा धडा दीडशे मिनिटं पाहून बाहेर पडणाऱ्या पोराला आपण नेमकं काय शिकवतो आहोत? स्वावलंबन नक्कीच नाही. शेजाऱ्याकडे वाटीभर साखर मागायची लाज, एवढंच.

याच जेम्स गनच्या 2025 च्या 'सुपरमॅन'ची स्तुती झाली ती चांगुलपणाचा सिनेमा म्हणून. तो नाताळचा सिनेमा नाही, पण या वंशाचं काय झालं ते त्याच्याइतकं स्वच्छ कुठेच दिसत नाही. फलाफल विकणारा माली खड्ड्यात पडलेल्या सुपरमॅनला हात देऊन उठवतो आणि बोलता बोलता आठवण देतो, की मागे एकदा मी तुला फुकट फलाफल दिलं होतं. पुढे खलनायक लूथर त्याला सुपरमॅनच्या डोळ्यांदेखत गोळी घालतो. मरण सविस्तर दाखवलं आहे. फलाफल मात्र एका वाक्यात उरकलं. जगातल्या सर्वांत बलवान माणसाने रस्त्यावरच्या गाडीशी उभं राहून, पैसे न देता, परतफेडीचं काही न बोलता, फेरीवाल्याच्या हातचं खाल्लं असेल तो प्रसंग आयस्नरने सात पानं पुरवला असता. गनने तो कॅमेऱ्याबाहेर ठेवला आणि देणाऱ्याला मारून टाकलं.