‘वाटचाल’ : एक दिंडी, दोन चुली

इरावती कर्वे यांच्या ‘परिपूर्ती’ (१९४९) ह्या संग्रहांत पंढरीच्या पायीं वारीवरील ‘वाटचाल’ हा लेख आहे. पंढरीस जाणाऱ्या यात्रेकरूंच्या मुलखावरून महाराष्ट्र ओळखावा, ही त्यांतली व्याख्या पुष्कळांच्या तोंडीं आहे. आम्हांस मात्र त्याच लेखांतील एक बोचणारी हकीकत अधिक मोलाची वाटते. एकाच दिंडींतील ब्राह्मण व मराठे वाटेनें अभंग एकच गातात. पण मुक्कामावर त्यांचा स्वयंपाक निराळा, पंगत निराळी. इरावतीबाईंस हें सलतें. त्या मराठा बायांबरोबर जेवावयास बसतात, आणि मग कोठें त्या बाया त्यांच्याशीं मोकळ्या होतात.

साने गुरुजींच्या उपोषणानंतर १९४७ सालीं विठ्ठलमंदिर अस्पृश्य मानलेल्यांस खुलें झालें. पंगतीचें दार उघडावयाचें तर ज्याला त्यालाच उठून दुसऱ्या पंगतींत बसावें लागतें. यात्रेचें अध्यात्म जर मन पालटण्यांत असेल, तर तें आम्हांस ह्या जेवणांत दिसतें. चुली दोन असेपर्यंत ती व्याख्या अपुरीच म्हणावी लागेल. आणि ती अपुरी ठरविणारा पुरावा बाईंनीं स्वतः लपविला नाहीं, ह्यांतच ह्या लेखाचा प्रामाणिकपणा आहे.