दोन पासबुकं

एकाच खातेदाराची दोन पासबुकं निघाली की काय गोंधळ उडतो, ते मी काउंटरवर बसून वीस वर्षं पाहतो आहे. तोच गोंधळ लॅपटॉपमध्येही उडतो, हे मला लेकीनं दाखवलं. उद्या प्रॅक्टिकल, आणि रात्री दहाला ही रडकुंडीला आलेली.

"बाबा, लायब्ररी तर टाकली, पण प्रोग्रामला सापडून नाही राहिली!"

मी बी.कॉम. माणूस, पण ताळा जुळत नसला की मला झोप येत नाही. पाहतो तो काय, लिनक्समध्ये पायथन दोनदा! एक 'ॲप्ट' या पॅकेज मॅनेजरचं, दुसरं बाईसाहेबांनी स्वहस्ते उतरवून बसवलेलं. लायब्ररी जमा पहिल्या पासबुकात आणि प्रोग्राम शिल्लक शोधतोय दुसऱ्यात.

ॲप्ट म्हणजे मुरलेला हेडक्लार्क. मालाच्या यादीवरची सही पडताळतो, सोबत लागणारी पॅकेजं आणतो, कुठली फाइल कुठं ठेवली ते लिहून ठेवतो. त्यामुळं खातं बंद करतानाही कटकट नाही. स्वहस्ते बसवणाऱ्यानं हे सगळं स्वतः करायचं. 'पाथ'मध्ये पत्ता घालायचा, नवी आवृत्ती आली का पाहायचं, काढताना उरलेल्या फायली हुडकायच्या. आणि सही? ती कोण तपासतो! बिनसहीचा चेक मात्र आपण तोंडावर परत करतो.

पण हेडक्लार्कवरही डोळे मिटून विसंबू नये. मार्च २०१६ मध्ये जावास्क्रिप्टवाल्यांच्या 'एनपीएम' भांडारातून 'लेफ्ट-पॅड' नावाचं ११ ओळींचं पॅकेज त्याच्या कर्त्यानं काढून घेतलं आणि जगभर कामं अडली. त्याचं काम काय, तर मजकुराच्या डावीकडं मोकळ्या जागा नाहीतर शून्यं भरणं! खातेक्रमांकाआधी शून्यं लिहायला आम्ही कधी बाहेरून माणूस आणला नाही.

शिवाय डेबियनच्या स्थिर आवृत्तीत माल पक्का, पण जुना. नवीनच हवा असेल तर हातानं बसवावा. फक्त वेगळ्या फोल्डरात, आणि नोंद करून.

आम्ही स्वहस्ते बसवलेलं पायथन काढलं. ॲप्टच्या पायथनला हात लावला नाही; त्यावर लिनक्समधली बरीच कामं चालतात. प्रोग्राम चालला. मग मी लेकीला दोनशे पानी वही दिली: काय बसवलं, कुठं, कोणत्या तारखेला.

"बाबा, हे तर लेजर झालं!"

"सहीचा रकाना राहिला," मी म्हणालो.