एका तबकडीचे रसिक

आपल्या समीक्षेत रसिकाला मान मोठा. पण त्याचे मत मात्र कोणी विचारीत नाही. त्याने दाद द्यावी, आणि ती का दिली हे मागाहून समीक्षकाने त्याला समजावून सांगावे, असा जणू अलिखित करारच झालेला आहे. यंदाच्या उन्हाळ्यात माझ्यापुरता हा करार मोडला. मोडणारे माझे नांदेडचे जुने विद्यार्थी आणि त्यांचे दोघे-तिघे लातूरकर मित्र. आणि निमित्त झाली एक इंग्रजी तबकडी. 'आयर्न मेडन' या लंडनच्या वाद्यवृंदाची, १९८४ साली निघालेली 'पॉवरस्लेव्ह'.

या संगीताला 'हेवी मेटल' म्हणतात. जड धातू! नावानेच मी कान झाकून घेतले होते. बऱ्याच वर्षांपूर्वी स्नेहसंमेलनात एका मुलाने यातले काही वाजविण्याची परवानगी मागितली, तेव्हा 'हा गोंगाट आहे' असे म्हणून मी त्याला परत पाठविले. "ऐकायच्या आधीच मार्क दिलाव की सर तुमी," तो जाता जाता म्हणाला. मास्तराला झोंबावे असे वाक्य होते, आणि ते झोंबत राहिले. तोच मुलगा आता पुण्यास नोकरीला असतो. सुट्टीत आला तो मित्रांना घेऊन थेट माझ्या घरी, आणि समोर बसून त्याने मला आठही गीते ऐकविली. ऐकणे पाऊण-एक तासाचे. वाद मात्र दिवेलागणीपर्यंत चालला.

त्या वादात एक मत जवळजवळ सर्वमान्य होते. पहिली दोन गीते आणि शेवटची दोन थोर. मधली चार भरतीची. पहिले गीत १९४० सालच्या ब्रिटनवरील हवाई युद्धातल्या वैमानिकांचे. दुसरे अणुयुद्धाचे, त्याचे नाव ज्या घड्याळावरून आले, ते अणुशास्त्रज्ञांनी कल्पिलेले प्रलयाचे घड्याळ १९५३ साली मध्यरात्रीला दोन मिनिटे कमी असे लावले होते, हे मला त्या मुलांनी सांगितले. इतिहासाच्या तासाला हीच मुले खिडकीबाहेर पाहत असत! मधल्या चारांत एक नुसते वादन, आणि लागोपाठ दोन गीते तलवारीच्या द्वंद्वाची. "एकाच पंगतीत दोनदा तोच पदार्थ वाढल्यासारखं होतं, सर," असे एकाने म्हटले. एवढी नेमकी टीका आपल्या कथासंग्रहांच्या परीक्षणांतही क्वचितच वाचायला मिळते.

नांदेडचा एक जण १ फेब्रुवारी २००८ रोजी मुंबईस वांद्रे-कुर्ला संकुलात या वाद्यवृंदाचा कार्यक्रम ऐकून आलेला होता. रात्रीच्या देवगिरीने गेला, घरी 'परीक्षेचा फॉर्म भरायचा आहे' असे सांगून. त्या मंडळींचा नवा जगप्रवास त्याच रात्री मुंबईत सुरू झाला. रंगमंचावर इजिप्तची देवळे उभारली होती, आणि 'पॉवरस्लेव्ह'मधली नेमकी तीच चार गीते गाइली गेली. रसिकांनी जे निवडले तेच कलावंतांनीही निवडले होते. हा पुरावा तो न्यायालयात मांडावा तसा मांडीत होता. मला हा युक्तिवाद पुरता पटला नाही. गर्दीपुढे जे रंगते तेवढेच श्रेष्ठ असेल, तर भावगीताला कायमचीच रजा द्यावी लागेल.

शीर्षकगीताविषयी मुले बोलली ती गिटारीपुरतीच. माझे लक्ष त्या मरणाऱ्या फॅरोकडे होते. जन्मभर सर्वांनी देव म्हटलेला राजा मृत्यू समोर आल्यावर विचारतो, की मी देव तर मग मी का मरावे? हा प्रश्न गीतकाराने बराचसा पौगंडी रीतीने विचारला आहे. पण विचारला आहे. शब्द जेथे कमी पडतात तेथे गिटारीचे पूर्वेकडचे वाटणारे स्वर त्याला सावरून घेतात.

खरा वाद झाला तो शेवटच्या गीतावर. इंग्रज कवी कोलरिज याच्या १७९८ साली प्रसिद्ध झालेल्या दीर्घ काव्याचे, त्या म्हाताऱ्या खलाशाच्या कथेचे, स्टीव्ह हॅरिस याने केलेले हे गीतरूप तेरा मिनिटांहून अधिक चालते. खलाशी विनाकारण अल्बॅट्रॉस पक्ष्याला मारतो, जहाज भर समुद्रात खिळते, सोबती तहानेने मरतात, आणि पाण्यातल्या सर्पांना पाहून त्याच्या तोंडून नकळत आशीर्वाद निघतो तेव्हा शाप ढिला होतो. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला माणूस, शब्दकोश जवळ घेऊन मूळ काव्य दोन दिवसांत वाचून काढले, आणि मुलांना म्हणालो, "तुमच्या हॅरिसने काव्याचा सारांश केला आहे. आमच्या मार्गदर्शिकांत असतो तसा."

"कीर्तनकार ओवीचा अर्थ साध्या बोलीत सांगतो, तेव्हा ज्ञानेश्वरी बिघडली म्हणता का सर?"

मला उत्तर सुचले नाही. माहूरकडे रात्रभर चाललेला गोंधळ ज्याने ऐकला आहे, त्याला तरी हे कळायला हवे होते. तेथेही आख्यान सांगणाऱ्याचे शब्द साधेच असतात. कथा पुढे नेतात ते संबळ आणि तुणतुणे. येथे बेस गिटार घोड्याच्या चालीने दौडत राहते आणि दोन गिटारी झीलकऱ्यांसारख्या जोडीने सूर धरतात. तहानेचा भाग कवीच्याच शब्दांत गाइला जातो. पुढे खलाशी मरू लागतात आणि सगळे वाजणे थांबते. मागे उरतो बेसचा मंद स्वर, जहाजाच्या लाकडांची करकर आणि मूळ कडवी म्हणणारा एक खोल आवाज. ज्याला मी गोंगाट म्हणत होतो त्याची खरी ताकद मला त्याच्या थांबण्यात दिसली. मग हळूहळू चढत जाऊन पाऊस कोसळतो, आणि तेथे ब्रूस डिकिन्सनचा आवाज वर चढून लांबत जातो.

त्यांच्यातला सर्वांत लहान तोवर गप्प होता. २०१६ साली तो बारावीसाठी लातूरला खोली करून राहत होता. मांजरा धरण कोरडे पडले होते, शहरात पाण्याच्या ठिकाणी गर्दी जमू नये म्हणून १४४ कलम लावले होते, आणि एप्रिलमध्ये मिरजेहून 'जलदूत' रेल्वेने पाणी आले. पहिल्या खेपेस दहा टाक्या, पाच लाख लिटर. "खोलीत दोघांत दिवसाला एक घागर. रात्री हेच गाणं लावायचो. तो पाऊस येईपर्यंत बंद करायचो नाही," तो म्हणाला.

"आमचा पाऊस रेल्वेनं आला," दुसरा हसत म्हणाला. त्यावर पहिल्याने विचारले, "पण सर, आपल्याकडं तो पक्षी कोणी मारला?" कोणी तरी हळूच म्हणाले, "ऊस."

विषयांतर होते आहे असे मी म्हणणार होतो. मर्ढेकरांच्या मार्गाने जायचे तर तबकडीतल्या स्वरांच्या संवाद-विरोधाखेरीज समीक्षकाने दुसरे काही पाहू नये. घागर आणि ऊस यांना त्यात जागा नाही. शिवाय दोन्ही तहाना सारख्या नाहीतच. त्या खलाशाला आपले पाप ठाऊक होते, आणि त्याची शिक्षा त्याच्याबरोबर इतरांनाही झाली. लातूरच्या त्या खोलीत दोघे जण होते, आणि त्यांनी काहीच केले नव्हते. तरीही मला मान्य करावे लागते की त्या गीताची लांबी का हवी, हे त्या मुलाइतके नेमके मला कोणी सांगितले नाही. पाऊस आठव्या मिनिटाऐवजी दुसऱ्याच मिनिटाला आला असता, तर त्याने ते गीत रोज लावले नसते. ही रचनेविषयीचीच टीका होय. ती मर्ढेकरांच्या परिभाषेत नाही, एवढाच काय तो फरक.

ते गेल्यावर मधली चार गीते मी एकट्याने पुन्हा ऐकली. सर्वांच्या विरुद्ध जाऊन एक जण 'द ड्युएलिस्ट्स'ची बाजू लढवीत होता, आणि त्याला कोणी बोलू दिले नव्हते. त्या गीतात मध्यावर शब्द थांबतात आणि दोन गिटारी बराच वेळ एकमेकींना उत्तरे देतात. द्वंद्व खरे तेथे होते. तेवढ्या भागापुरते त्याचे म्हणणे बरोबर आहे. शब्दांच्या बाबतीत मात्र पंगतीचा दाखला देणाराच खरा.