चित्रतुरगाची शर्यत

नाट्यांतील अनुकरणाचें स्वरूप विशद करतांना श्रीशंकुकानें चित्रांतील घोड्याचा दृष्टांत दिला, हें अभिनवगुप्ताच्या कृपेनें आपणांस ठाऊक आहे. चित्रांतला घोडा पाहून ‘हा घोडा’ असें आपण म्हणतों. परंतु ती प्रतीति खरी म्हणतां येत नाहीं, खोटी म्हणतां येत नाहीं, आणि संशयाचीहि म्हणतां येत नाहीं. या दृष्टांतांत एक गोष्ट गृहीत होती. ती ही कीं, चित्रांतल्या घोड्यावर कोणी स्वार होत नाहीं. आज तेंहि घडत आहे. संगणकाच्या पडद्यापुढें मोटारीचें चाक बसवून, दूरदूरच्या देशांतील माणसें घरबसल्या एकमेकांशीं शर्यत करतात. या प्रकारास ‘सिम रेसिंग’ असें नांव असून त्याच्या नियमित स्पर्धामालिकांस ‘लीग’ म्हणतात. हा निव्वळ पोरखेळ आहे, कीं रसिकानें लक्ष घालावें असें त्यांत कांहीं आहे, याचा विचार येथें कर्तव्य आहे.

विचारासाठीं जपानांतील सुझुका येथील फेरी घेऊं. हा मार्ग होंडा कंपनीनें मिए प्रांतांत १९६२ सालीं बांधला. आराखडा हुगेनहोल्ट्झ या डच गृहस्थाचा. लांबी ५.८०७ किलोमीटर. इंग्रजी आठाच्या आकड्याप्रमाणें हा मार्ग पुलावरून स्वतःलाच ओलांडून जातो. आरंभींच नागमोडी वळणांची एक माळ लागते. तींतील पहिल्या वळणांत हातभर चूक झाली, तर तिचें व्याज पुढच्या प्रत्येक वळणांत भरावें लागतें. शेवटाकडे ‘१३०-आर’ नांवाचें अतिवेगाचें वळण आहे. हें नांव त्याच्या १३० मीटर त्रिज्येवरून पडलें. २००२ सालीं ॲलन मॅकनिश याला तेथें भीषण अपघात झाल्यावर वळणाची रचना बदलली, पण नांव तेंच राहिलें.

अनुकरणाची निष्ठा पाहावी, तर ती थक्क करणारी आहे. २००८ सालीं सुरू झालेल्या ‘आयरेसिंग’ या व्यवस्थेंत लेसर किरणांनीं मार्ग मोजून त्याचा चढउतार आणि बारीकसारीक उंचवटे उतरवून घेतात, आणि रस्त्याचा धक्का चाकांतून चालकाच्या हातांस जाणवतो. वळणावर साऱ्या देहाला बसणारी ओढ मात्र येथें नाहीं. खरा चालक जें पाठीनें ओळखतो, तें याला डोळ्यांनीं, कानांनीं आणि मनगटांनीं ओळखावें लागतें.

पण मोठें न्यून याहून वेगळें आहे. ५ ऑक्टोबर २०१४ रोजीं याच सुझुकावर, भर पावसांत, ज्यूल बियांकी याची गाडी घसरून अपघातग्रस्त गाडी उचलणाऱ्या यंत्रावर आदळली, आणि पुढील वर्षाच्या जुलैंत त्याचा अंत झाला. पडद्यावरच्या सुझुकांत तशीच गाडी तशीच आदळते, आणि चालक उठून चहा करून घेतो! आक्षेपक विचारतात कीं, जेथें मरण नाहीं तेथें धैर्य कसलें, आणि धैर्य नाहीं तेथें संयमाला किंमत ती कोणती?

हा आक्षेप वजनदार आहे. पण मरणाचें भय हीच संयमाची जननी आहे, असें त्यांत धरून चाललेलें आहे, आणि त्यास सुझुकाचाच इतिहास साक्ष देत नाहीं. १९९० सालीं येथेंच, पहिल्याच वळणावर, आयर्टन सेन्ना यानें आलें प्रॉस्ट याच्या गाडीला धडक दिली आणि जगज्जेतेपद मिळविलें. ती हेतुपुरस्सर होती, हें त्यानें पुढच्या वर्षीं स्वतःच सांगितलें. तेथें मरण समोर उभें होतें, तरीहि संयम सुटला. तेव्हां संयमाचें मूळ अन्यत्र शोधलें पाहिजे.

तें मूळ, आमच्या मतें, लीगच्या रचनेंत सांपडतें. एकट्यानें सराव करतांना चूक झाली, तर कळ दाबून नव्यानें आरंभ करतां येतो. असा सराव कितीहि केला तरी त्यांतून कौशल्य वाढेल, शील वाढणार नाहीं. शर्यतींत ती सोय नाहीं. शिवाय आयरेसिंगमध्यें चालकास स्वतःच्या खऱ्या नांवानें उतरावें लागतें. जोराची धडक झाली कीं दोघांच्याहि नांवावर दंडगुण चढतात. अपराध कोणाचा, हें यंत्र पाहत नाहीं. तो निवाडा लीगच्या पंचमंडळास शर्यतीचें चित्रमुद्रण पुन्हां पाहून करावा लागतो. आणि ज्याला आपण आज नागमोडी वळणांत बाहेर ढकललें, तोच गृहस्थ पुढच्या फेरीला पुन्हां शेजारीं उभा असतो. भरतानें भय हा स्थायी भाव मानला आणि व्रीडेस संचारी भावांत बसविलें. लीगमध्यें हा क्रम उलटतो: भय नाहींसें होतें आणि व्रीडा स्थिरावते. दोन गाड्या खांद्याला खांदा लावून त्या वळणांत शिरतात, आणि आंतला चालक बाहेरच्यासाठीं एक गाडीभर जागा राखून वेग आवरतो. तेव्हां त्याला कोणतीहि इजा होण्याचा संभव नसतो. केवळ लाजेखातर, किंबहुना मानाखातर, केलेला तो संयम असतो. या खेळांतील आस्वाद्य भाग तो हाच.

म्हणूनच या शर्यतींच्या प्रक्षेपणांत ‘जीवघेणी झुंज’, ‘मृत्यूशीं खेळ’ अशी भाषा ऐकूं आली, कीं ती कानांस बोंचते. हें उसनें भय आहे. ज्यांनीं खरोखर प्राण गमावले त्यांच्या स्मृतीला तें शोभत नाहीं, आणि या खेळालाहि त्याची गरज नाहीं. त्याचें स्वतःचें धन वेगळें आहे, आणि समालोचकांनीं तें ओळखून त्याच्याच भाषेंत बोलावें.

घरांतला मुलगा रात्रीं पडद्यापुढें चाक धरून बसलेला पाहून पुष्कळ वडील माणसें चिडतात. वेळेच्या अपव्ययाची त्यांची तक्रार अगदींच निराधार नाहीं. पण शर्यत संपल्यावर ‘कितवा आलास?’ हें विचारण्याऐवजीं ‘जागा कोणाला दिलीस?’ असें त्यांनीं एकदां विचारून पाहावें. त्या प्रश्नाचें उत्तर त्याला सरळ देतां आलें, तर त्याची रात्र फुकट गेली असें आम्ही म्हणणार नाहीं.