वाकडे झाड, घट्ट दोरी आणि रडणारे मूल : बाल-अस्थिरोगशास्त्राच्या अध्यापनाची चिकित्सा

प्रस्तावना

ज्ञानशाखांची नावे पुष्कळदा त्यांच्या उगमाची साक्ष देतात. ‘ऑर्थोपेडिक्स’ या संज्ञेचे मूळ निकोला आंद्री या फ्रेंच वैद्याच्या १७४१ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाच्या शीर्षकात आहे. ‘ऑर्थोस’ म्हणजे सरळ आणि ‘पायदिऑन’ म्हणजे मूल, या दोन ग्रीक शब्दांपासून आंद्रीने ती घडविली. मुलांच्या शरीरातील व्यंगे टाळण्याची व दुरुस्त करण्याची कला, आणि तीही आईवडिलांना व मुले वाढविणाऱ्या सर्वांना करता येईल अशा साधनांनी, असा या ग्रंथाच्या दीर्घ शीर्षकाचा आशय आहे. म्हणजे मूल हा या शास्त्राचा मूळ विषय आणि पालक हा त्याचा मूळ वाचक होय. आज मात्र पदवी स्तरावरील वैद्यकीय विद्यार्थ्याला हे शास्त्र शिकविले जाते तेव्हा मूल बहुधा प्रौढांच्या अस्थिभंगांनंतर येणाऱ्या प्रकरणांत भेटते आणि पालक रुग्णालयाच्या खाटेशेजारी उभा असलेला नातेवाईक ठरतो. या स्थानबदलाचे अध्यापनावर कोणते परिणाम होतात, याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

रूपकाची सोय आणि त्याची मर्यादा

आंद्रीच्या ग्रंथात एक चित्र आहे. वाकड्या खोडाचे झाड सरळ खांबाला दोरीने वेढे देऊन बांधले आहे. वाकड्या पायाला लोखंडी पट्टी आणि कापडी बंध लावून तो हळूहळू सरळ कसा करावा, हे समजावून देताना आंद्रीने माळी झाडाला जे करतो त्याची उपमा दिली आणि तिच्या जोडीला हे चित्र घातले. पुढे जगभरातील अनेक अस्थिरोगतज्ज्ञ संघटनांनी तेच चित्र आपले बोधचिन्ह म्हणून स्वीकारले.

रूपक म्हणून हे चित्र समर्थ आहे. मूल वाढत असते आणि वाढीला दिशा देता येते, हे बाल-अस्थिरोगशास्त्राचे मूलतत्त्व त्यात एका दृष्टिक्षेपात सामावते. तथापि प्रत्येक रूपक काही दाखविताना काही झाकतेही. झाडाला दोरी आवळली तर ते तासाभरात सुजत नाही. मुलाचा मोडलेला हात सुजतो. झाड रडत नाही, मूल रडते. शिवाय झाडाला आई नसते. या चित्रातून नेमक्या याच तीन गोष्टी वगळल्या गेल्या आहेत, आणि अध्यापनातही बहुधा त्याच निसटतात.

वर्गीकरण आणि काळ

रॉबर्ट सॉल्टर आणि रॉबर्ट हॅरिस यांनी १९६३ साली वाढपट्टीच्या, म्हणजे हाडाच्या टोकाजवळ असणाऱ्या वाढत्या कास्थिपट्टीच्या, दुखापतींचे पाच प्रकार मांडले. कोपराच्या वर होणाऱ्या दंडाच्या हाडाच्या अस्थिभंगाचे गार्टलँडकृत वर्गीकरण त्यापूर्वीचे, १९५९ सालचे. ही दोन्ही वर्गीकरणे विद्यार्थ्याला तोंडपाठ असतात. त्यांची उपयुक्तता नाकारण्याचे कारण नाही. तालुक्याच्या रुग्णालयातील डॉक्टरला जिल्ह्याच्या तज्ज्ञाशी दूरध्वनीवर बोलताना समान परिभाषा लागतेच.

प्रश्न उद्भवतो तो वर्गीकरण हेच ज्ञान मानले जाते तेव्हा. सॉल्टर-हॅरिस वर्गीकरणातील पाचवा प्रकार या दृष्टीने उद्बोधक आहे. त्यात वाढपट्टी चेचली जाते, परंतु दुखापतीच्या दिवशीच्या क्ष-किरणचित्रात बहुधा काहीच दिसत नाही. पुढे हाडाची वाढ खुंटल्यावर किंवा अवयव वाकडा होऊ लागल्यावरच या प्रकाराचे निदान होते. म्हणजे हा प्रकार चित्रात वाचता येत नाही, तो काळात वाचावा लागतो.

हाडाच्या स्वयंदुरुस्तीचेही असेच आहे. मूल जितके लहान आणि मोड वाढपट्टीच्या जितकी जवळ, तितका बाक आपोआप भरून निघण्याचा संभव अधिक. परंतु दंडाच्या हाडाची सुमारे ८० टक्के वाढ खांद्याकडील टोकाला होते, कोपराकडे ती अल्प असते. म्हणून कोपराजवळ आत वळून जुळलेला हात वयाबरोबर सरळ होईल, ही आशा फोल ठरते. ‘मुलांची हाडे आपोआप जुळतात’ हे लोकप्रिय विधान अर्धसत्य आहे, हे समजण्यासाठी तेच मूल काही महिन्यांनी पुन्हा पाहावे लागते. विद्यार्थ्याची या विभागातील नेमणूक मात्र काही आठवड्यांची असते. ज्या विषयाचा गाभा काळ हा आहे, तो काळ वगळून शिकविला जातो, ही या अध्यापनातील पहिली विसंगती होय.

रडण्याचा अर्थ

दुसरी विसंगती अधिक गंभीर आहे. रिचर्ड फॉन फोल्कमान या जर्मन शल्यचिकित्सकाने १८८१ साली रक्तपुरवठा तुटल्याने स्नायू आक्रसून हात कायमचा निकामी होण्याच्या अवस्थेचे वर्णन केले आणि तिचा संबंध घट्ट बांधलेल्या पट्ट्यांशी जोडला. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात हाडवैद्याकडून बांबूच्या कामट्या आवळून बांधून घेतल्यानंतर रुग्णालयात येणारी मुले अस्थिरोगतज्ज्ञांना अपरिचित नाहीत. तथापि हा दोष केवळ हाडवैद्याच्या माथी मारणे सोयीचे असले, तरी न्याय्य नाही. रुग्णालयात घातलेले प्लास्टरही सुजणाऱ्या हाताला तितकेच घट्ट होऊ शकते.

स्नायूकप्प्यातील दाब वाढल्याची लक्षणे विद्यार्थी इंग्रजीतील ‘पी’ या अक्षराने सुरू होणाऱ्या शब्दांच्या यादीने लक्षात ठेवतो : वेदना, फिकटपणा, बधिरता, लुळेपणा, नाडी न लागणे. यांतील शेवटची लक्षणे दिसेपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो. शिवाय चार वर्षांचे मूल बधिरता सांगू शकत नाही. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासाने मुलांच्या बाबतीत ही पारंपरिक लक्षणे फारशी भरवशाची नसल्याचे आणि वेदनाशामकाची वाढती गरज हा अधिक संवेदनक्षम संकेत असल्याचे दाखविले. त्यानंतर अस्वस्थता, चिंता आणि वेदनाशामकाची वाढती मागणी ही त्रयी बालरुग्णांसाठी शिकविली जाऊ लागली.

ही त्रयी सर्वप्रथम कोणाच्या लक्षात येते? ती आईच्या लक्षात येते. ‘रात्रभर हात-हात करून रडतंय हो’, ‘बोटं काळीनिळी पडलीत’, ‘मुंग्या येतात म्हणतोय’ ही वाक्ये पाठ्यपुस्तकातील लक्षणांची लोकभाषेतील रूपेच होत. परंतु विद्यार्थ्याचे पाठ्यपुस्तक इंग्रजीत, त्याची उजळणी इंग्रजी आद्याक्षरांत आणि परीक्षाही इंग्रजीत. परिणामी आईचे वाक्य त्याला लक्षण म्हणून ऐकू न येता तक्रार म्हणून ऐकू येते. ‘मूल आहे, रडणारच’ हे उत्तर येथूनच जन्माला येते. या उत्तराची किंमत हात असू शकते.

येथे नव्या अभ्यासक्रमाचा विचार करणे आवश्यक आहे. २०१९ पासून देशात लागू झालेल्या सक्षमताधिष्ठित अभ्यासक्रमाने कोपराच्या वरपर्यंतचे व गुडघ्याखालचे प्लास्टर, थॉमस स्प्लिंट इत्यादी कौशल्ये प्रतिकृतीवर करून दाखविण्याची अपेक्षा ठेवली. सोबत वृत्ती, नीती व संवाद यांनाही स्वतंत्र स्थान दिले. केवळ पाठांतरावर विसंबणाऱ्या जुन्या पद्धतीच्या तुलनेत ही निश्चितच प्रगती आहे. मात्र प्रतिकृतीचा हातही आंद्रीच्या झाडासारखाच असतो. तो सुजत नाही, रडत नाही, आणि रात्री दोन वाजता त्याची आई निवासी डॉक्टरला शोधत येत नाही. प्लास्टर घालण्याचे कौशल्य एका रकान्यात आणि संवाद दुसऱ्या रकान्यात राहिला, तर प्लास्टर केव्हा कापावे हे ज्ञान दोन्ही रकान्यांच्या मधल्या जागेत हरवते.

कथन आणि क्ष-किरणचित्र

पालकाचे ऐकणे म्हणजे त्यावर डोळे झाकून विश्वास ठेवणे नव्हे. जॉन कॅफी यांनी १९४६ साली डोक्यातील रक्तस्रावासोबत लांब हाडांचे अनेक अस्थिभंग असलेल्या अर्भकांची नोंद केली. १९६२ साली हेन्री केम्प व त्यांच्या सहकाऱ्यांनी मारहाण झालेल्या बालकाच्या लक्षणसमूहाला नाव दिले. न चालणाऱ्या अर्भकाच्या मांडीचे हाड ‘खेळताना’ मोडले, असे सांगितले जाते तेव्हा कथन आणि चित्र यांतील विसंगती डॉक्टरने वाचली पाहिजे. साहित्याच्या वर्गात ज्याला संहितेचे सूक्ष्म वाचन म्हणतात, त्याचीच येथे गरज असते : कोण सांगत आहे, काय वगळले जात आहे, दुसऱ्यांदा सांगताना काय बदलले. आईचे वाक्य लक्षण म्हणून ऐकणारा कानच ही विसंगतीही टिपू शकतो. न ऐकणाऱ्याला दोन्ही निसटतात.

अपघातोपचार : एका पित्याचा अनुभव

जखमींच्या प्राथमिक उपचारांचा आज जगभर शिकविला जाणारा क्रमबद्ध अभ्यासक्रम मुलांच्याच अपघातातून उगम पावला, हेही विद्यार्थ्यांना क्वचितच सांगितले जाते. १९७६ साली अमेरिकेतील नेब्रास्का राज्यात जेम्स स्टायनर या अस्थिरोगतज्ज्ञाचे विमान कोसळले. पत्नी मृत्यू पावली आणि मुले जखमी झाली. स्थानिक रुग्णालयातील उपचारांतील उणिवा त्यांनी पिता म्हणून अनुभवल्या. त्यातून १९७८ साली पहिला अभ्यासवर्ग झाला आणि १९८० साली अमेरिकन शल्यचिकित्सकांच्या महाविद्यालयाने तो स्वीकारला.

श्वासमार्ग, श्वसन, रक्ताभिसरण हा क्रम मुलांनाही लागू आहे. पण मुलाचा रक्तदाब फसवा असतो. सुमारे ३० टक्के रक्त जाईपर्यंत तो टिकून राहू शकतो आणि मग एकाएकी कोसळतो. मोडलेली मांडी नजर वेधून घेते, फिकट व शांत पडलेले मूल घेत नाही. रडणारे मूल जसे ऐकावे लागते, तसे रडायचे थांबलेले मूलही ऐकावे लागते.

सैल हाताची शिस्त

या विवेचनाला एक आशादायक प्रतिउदाहरण आहे. इग्नासिओ पोन्सेती (१९१४–२००९) हे स्पॅनिश यादवी युद्धात जखमींवर उपचार करून, पुढे मेक्सिकोमार्गे अमेरिकेतील आयोवा येथे पोहोचलेले शल्यचिकित्सक. जन्मजात वाकड्या पावलावर त्यांनी बळाऐवजी शरीररचनेच्या आकलनाचा मार्ग अवलंबिला. दर आठवड्याला हळुवार हाताळणी आणि प्लास्टर, बहुतेकांना टाचेच्या शिरेवर छोटा छेद, आणि त्यानंतर काही वर्षे रात्री घालावयाचे विशिष्ट बूट. १९६३ साली निष्कर्ष प्रसिद्ध होऊनही ही पद्धती कित्येक दशके उपेक्षित राहिली. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात तिच्या प्रसाराला मोठा हातभार लावला तो इंटरनेटवरून परस्परांना माहिती देणाऱ्या पालकांनी. बूट नियमित घातले नाहीत तर पाऊल पुन्हा वळते. म्हणजे उपचाराचा दीर्घतम टप्पा आजही पालकांच्याच हाती आहे. २०१३ साली पालघर येथून आरंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात या व्यंगाचा समावेश झाल्याने हा विषय आता केवळ तज्ज्ञांचा राहिलेला नाही.

समारोप

पदवीच्या विद्यार्थ्याला शस्त्रक्रिया करावयाची नसते, म्हणून त्याला मोजकेच शिकवावे, असा आक्षेप संभवतो. तो ग्राह्य धरला तरी निष्कर्ष उलटाच निघतो. ज्याला शस्त्रक्रिया करावयाची नाही, त्याचे मुख्य काम ऐकणे, ओळखणे, वेळेत बांध सैल करणे आणि पुढे पाठविणे हेच आहे. त्यासाठी खर्चिक साधनांची आवश्यकता नाही. नेमणूक संपल्यावरही प्रत्येक विद्यार्थ्याने एकाच मुलाला वर्षभर ठरावीक अंतराने भेटावे, आणि प्लास्टरनंतर घ्यावयाची काळजी आईला तिच्या बोलीत समजावून सांगणे, तसेच तिच्याकडून ती परत वदवून घेणे हा प्रात्यक्षिक परीक्षेचा गुण असलेला भाग व्हावा, एवढे दोन बदलही पुष्कळ साधतील. आंद्रीने आपला ग्रंथ आईवडिलांना उद्देशून लिहिला होता. त्याच्या चित्रातील दोरी अध्यापनाने जपली, पण त्याचा वाचक हरवला. तो वाचक आजही खाटेशेजारी उभा आहे आणि मूल रात्रभर झोपले नाही, हे सांगण्याचा प्रयत्न करीत आहे.