एक नांव, अनेक अर्थ

एकाच विशेषनामापासून निघालेले शब्द एकाच भावाचे असावयाचे, अशी समजूत आपल्या सुशिक्षित वर्गांत बरीच रूढ आहे. 'राम' या नामाचें मराठींतील गोत्र न्याहाळलें, तर ती फार वेळ टिकेल असें आम्हांस वाटत नाहीं.

'रामबाण' हा शब्द प्रथम घेऊं. यांत कथेंतील पराक्रम आहे. न चुकणारा बाण हा न चुकणारा उपाय ठरला आणि रणांगणावरून वैद्याच्या बटव्यांत आला. 'रामराज्य' हा शब्दहि कथेचाच. परंतु 'रामप्रहर' व 'रामराम' यांत कथेपेक्षां नामोच्चारास महत्त्व. त्यांतहि भेटतांना घातलेला रामराम हा आदर, तर नोकरीस ठोकलेला रामराम हा कायमचा निरोप! 'त्यानें राम म्हटला' असें ऐकतांच तर आपण मान खालीं घालतों. 'या ग्रंथांत राम नाहीं' असें टीकाकार लिहितो, तेव्हां त्याच्या मनांत देव नसून सत्त्व असतें. 'संसाराचा रामरगाडा' यांत पराक्रमहि नाहीं आणि स्मरणहि नाहीं, आहे तो केवळ पसारा. 'एवढें रामायण कशाला?' या प्रश्नांत तर वाल्मीकीच्या काव्याची फक्त लांबीच उरली आहे.

रामफळाची गोष्ट अधिक बोधप्रद आहे. सीताफळ व रामफळ हीं जोडनांवें ऐकून वनवास आठवतो. पण दोन्ही झाडें मूळचीं अमेरिका खंडाच्या उष्ण प्रदेशांतलीं. तेव्हां नांवावरून वस्तूचा इतिहास काढूं जाणारा फसतो. त्यावरून कळतो तो नांव ठेवणाऱ्यांचा जिव्हाळा.

मोल्सवर्थचा कोश १८३१ सालीं निघाला. दाते-कर्वे यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' १९३२ ते १९३८ या काळांत सात विभागांत प्रसिद्ध झाला. अर्थ नोंदून ठेवणें हें कोशकारांचें काम. त्या अर्थांवरून आपलें वर्तन तपासणें हें मात्र वाचकाचें काम होय.

विसाव्या शतकांत मुंबईच्या सुखवस्तु घरांतून घरगड्यास सर्रास 'रामा' म्हणत. कोंकणांतून आलेल्या त्या मनुष्याचें नांव गोविंद असो कीं धोंडू असो, उंबरठा ओलांडतांच तो रामा होई. ज्या घरांत सायंकाळीं मुलांकडून रामरक्षा म्हणवून घेत, तेथेंच तें नांव दिवसभर हुकुमासाठीं वापरलें जाई, आणि यांत कांहीं विसंगति आहे असें कोणास वाटत नसे. नामाच्या पावित्र्यानें शब्दाला प्रतिष्ठा आली नाहीं. बोलणाऱ्याच्या वृत्तीनें त्याला अर्थ दिला.

तो 'रामा' आतां मागें पडला. परंतु राबणाऱ्या माणसाचें खरें नांव विचारण्याची तसदी न घेतां त्यास कामाचें नांव चिकटविण्याची सवयहि मागें पडली काय, हें ज्याचें त्यानें आपल्या घरीं पाहावें. तें न पाहतां आपण नुसती व्युत्पत्ति शोधीत बसलों, तर त्या पांडित्यांत राम नाहीं असेंच म्हणावें लागेल.